रोज एक प्रश्न

सव्वीस वर्षं झाली, मी पोरांना इंग्रजीत प्रश्न कसा विचारायचा ते शिकवतेय. आठवीला डू आणि डज, नववीला डिड, दहावीला सगळ्यांची खिचडी. नंदुरबारहून सकाळची सुरतेकडे जाणारी पॅसेंजर पकडायची, चिंचपाड्याला उतरायचं, तिथून काळीपिवळी जीपमध्ये अर्धं अंग बाहेर ठेवून शाळा गाठायची. पोचेपर्यंतच मी दमलेली असते. मग फळ्यावर लिहायचं, "शी गोज टू मार्केट", आणि म्हणायचं, याचा प्रश्न करा बरं. पन्नास तोंडं बंद. अळीमिळी गुपचिळी.

दोष त्यांचा नाही हे मला कळतं. कळतं म्हणून राग येत नाही असं मात्र नाही. घरी ही पोरं मावची बोलतात, कुणी कोकणा आदिवासींची कोकणी. मराठी त्यांना शाळेत भेटलेली पाहुणी, आणि इंग्रजी म्हणजे त्या पाहुणीनं सोबत आणलेली पाहुणी. मराठीत तरी वाक्याच्या शेपटाला 'का' लावला की प्रश्न होतो. माझ्या घरच्या अहिराणीत तर नुसता आवाज चढवला तरी भागतं. इंग्रजीत मात्र सगळ्यांना जागेवरून उठवावं लागतं. मदतीचं क्रियापद कर्त्याच्या पुढे आणून बसवा, नसेल तर कुठून तरी डू-डज पैदा करा, मग मूळ क्रियापदाचा एस काढून घ्या. "डज आला की एस गेला!" हे मी इतक्या वेळा ओरडलेय की एकदा सासूबाईंना औषध पाजतानासुद्धा तेच तोंडातून निघालं. सासूबाई अंथरुणावरून म्हणाल्या, "कोन उनं वं?" त्यांना वाटलं, पाहुणे आले.

चार वर्षं त्या अशाच पडून होत्या. नवरा नोकरीला धुळ्यात, शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार. दोन खोल्यांचं घर. सकाळी साडेचारला उठून त्यांचं सगळं आवरायचं, शेजारणीला सांगून निघायचं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्यात माझी बाजू काय होती, ते आधी सांगून मोकळी होते. बाजू होती. पुरेशी नव्हती.

दहावीच्या पेपरात एक ठरलेला प्रश्न असतो. वाक्य देतात, त्यातल्या काही शब्दांखाली रेघ मारलेली असते, आणि रेघ मारलेलं उत्तर येईल असा प्रश्न तयार करायचा. "रामू वेंट टू नाशिक", नाशिकखाली रेघ. मुलांनी लिहायचं, "व्हेअर डिड रामू गो?" मी याचे पाच पाच तास घ्यायची. व्यक्ती असेल तर हू, जागा असेल तर व्हेअर, कारण असेल तर व्हाय. अगदी कानीकपाळी ओरडून.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दहावीत मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. शाळेपासून डोंगराच्या अंगाला तिचं गाव, रोज तासभर चालत यायची. काटक, डोळे मोठे, एका कानात रिंग आणि दुसऱ्या कानात काडी. तिनं एक दिवस हात वर केला. मी म्हटलं, जा, पाणी पिऊन ये. ती म्हणाली, "पाणी नको, मॅडम. उत्तर तर खाली रेघ मारून दिलंय. मग विचारायचं कशाला?"

अख्खा वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण सहावा तास होता, पाय भरून आले होते. "मार्कांसाठी," मी म्हटलं. "बस खाली."

बसली. पण मला ते लागलं. पोर बरोबर बोलत होती. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मी एक नवी टूम काढली. प्रत्येकानं एक शंभर पानी वही घालायची आणि रोज एक प्रश्न इंग्रजीत लिहायचा. कुणालाही, कशाबद्दलही. ज्याचं उत्तर स्वतःला माहीत नाही असा. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तपासणार कोण?" मी म्हटलं, मी. उत्साह माझा. मग काय, बावन्न वह्या दोन पिशव्यांत भरून चिंचपाडा ते नंदुरबार. गाडीत बसायला मिळालं की मांडीवर वही, हातात लाल पेन. खांडबारा येईपर्यंत पंधरा वह्या, नंदुरबारपर्यंत पस्तीस, उरलेल्या घरी, भाताला वाफ येईपर्यंत.

आणि काय असायचं त्यात? "व्हॉट इज युवर नेम?" बावन्नातल्या चाळीस वह्यांत रोज हेच. पालथ्या घड्यावर पाणी. एका मुलानं तर सलग नऊ दिवस माझं नाव विचारलं.

त्या मुलीची वही वेगळी होती. ती खरंच विचारायची. नदीतले मासे उन्हाळ्यात कुठे जातात? दवाखान्यातल्या ताई नाडी बघताना घड्याळाकडे का बघतात? तिला नर्स व्हायचं होतं. धाकट्या भावाला ताप आला तेव्हा ती चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात दोन दिवस राहिली होती. तिथं एक नर्स भावाच्या उशाशी लावलेल्या कागदावर काहीतरी लिहायची, ते बघून हिच्या मनानं घेतलं. त्या नर्सनं तिला सांगितलं होतं, आधी दहावी हो, आणि इंग्रजी सोडू नको. त्यांच्या घरातून दहावीपर्यंत आलेली ती पहिली. सगळं त्या दहावीवर अडलेलं होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

एकदा तिनं लिहिलं, "व्हाय यू आर ऑलवेज टायर्ड, मॅडम?" म्हणजे, मॅडम, तुम्ही नेहमी दमलेल्या का असता. मी 'यू आर'भोवती लाल गोल केला, बाण मारला, 'आर यू' लिहिलं आणि बरोबरची खूण करून पुढची वही घेतली. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. क्रम चुकला होता, तो नीट केला. बास.

मग दिवाळी आली. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात मी ढिगानं वह्या तपासल्या, वाटल्या आणि सुटले एकदाची.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशीची गोष्ट. गाडी चिंचपाड्याला थांबली, मी नेहमीच्या डब्यातून उतरले, आणि समोर फलाटावर हीच मुलगी उभी. सोबत वडील, आई, धाकटा भाऊ. गाठोडी, डबे, एक पत्र्याची पेटी. आईचं पोट दिसत होतं. मुलगी शाळेच्या गणवेशात होती, धुतलेल्या. हातात तिचं एकटीचं एक छोटं गाठोडं. माझ्या डब्यासमोरच उभी होती अगदी, आणि माझ्याकडे बघत होती.

मला वाटलं, निघालेत कुठे तरी नातेवाइकांकडे. गणवेश का? तर दुसरा चांगला कपडा नसेल. असतं असं, नवं काही नाही.

आता विचारावं की नाही? आमच्या घरात लहानपणापासून एक शिकवण पक्की. आई म्हणायची, "जाणाराले टोकानं नही." बाहेर पडलेल्या माणसाला 'कुठे चाललात' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की टोक लागतं, काम बिघडतं, माणूस अर्ध्यातून परत येतो. फारच झालं तर 'सांभाळून जा' म्हणायचं. मी बीएड केलं, सव्वीस वर्षं 'व्हेअर आर यू गोइंग' फळ्यावर लिहिलं, तरी फलाटावर उभ्या माणसाला तो प्रश्न विचारायला माझी जीभ आजही उचलत नाही.

म्हणून मी म्हटलं, "काय गं, सांभाळून जा हां."

तिनं वडिलांकडे बघितलं. वडिलांनी हात जोडले. तिकडं जीपवाला हॉर्न वाजवत होता, पुढची सीट गेली असती. मी निघाले. गाडी सुटल्याचा आवाज मागून आला, तेव्हा मी जीपमध्ये बसलेली होते आणि पुढची सीट मिळाली म्हणून मला बरं वाटत होतं.

आठ दिवस मुलगी आली नाही. दहा दिवस. आमच्या शाळेचा शिपाई तिच्याच गावचा, त्याला विचारलं. तो म्हणाला, "ऊसतोडीला गेले ना मॅडम. बारडोलीकडे. होळीला येतील."

असा संताप झाला माझा! होळीला? म्हणजे परीक्षा बुडाली की. "अरे, सांगून जायला काय झालं होतं?" मी शिपायावरच ओरडले. "माझ्या समोर उभी होती ती. तोंडाला कुलूप लावलं होतं का?" शिपाई बिचारा घंटेच्या दांडीकडे बघत राहिला. त्याचा काय दोष.

त्या रविवारीच जायला हवं होतं. ठरवलंही होतं. पण रविवारी सासूबाईंना न्हाऊ घालायचं असतं. पुढच्या रविवारी निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण. मग सासूबाईंनाच दवाखान्यात ठेवलं, बारा दिवस. मग सराव परीक्षेचे पेपर. दिवस असे जातात की बोलू नका. जानेवारी संपता संपता हॉल तिकिटांचा विषय निघाला. शिपायाला म्हटलं, भाऊ, रविवारी माझ्यासोबत चल. वरातीमागून घोडं, पण निघालं.

बारडोलीला उतरून रिक्षा, मग तीन किलोमीटर पायी, दोन्ही बाजूंनी ऊस. माझे गुडघे म्हणजे काय ते मलाच ठाऊक. ऊसतोड्यांचा पडाव दिसला. उसाच्या पाचटाची खोपटी, वर निळं-काळं प्लास्टिक, एवढ्या खाली की वाकूनच आत जावं लागावं. मोठी माणसं शेतात, पडावावर नुसती लहान पोरं आणि कुत्री.

ती एका खोपटासमोर बसली होती. मांडीवर तान्हं बाळ. तीन-चार आठवड्यांचं असेल. एका हातानं ते सांभाळत दुसऱ्या हातानं तव्यावरची भाकरी उलटत होती. मला बघून उठायला गेली, बाळामुळे उठता येईना. "बस, बस," मी म्हटलं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. शिपाई वडिलांना बोलवायला शेताकडे पळाला.

वडील आले, अंगाला उसाची कुसळं. मी त्यांना काही बोलूच दिलं नाही. सरळ झापायला सुरुवात केली. पोरीचं वर्ष घालवलंत, हुशार पोर आहे, मला एक शब्द सांगायचा, मी काहीतरी केलं असतं, शिक्षक कशाला असतात मग?

ते माझं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबले. मग मोडक्या मराठीत, मध्ये मध्ये शिपायाला त्यांच्या भाषेत सांगत, म्हणाले, "मॅडम, सांगितलं ना आम्ही. वहीत लिहून विचारलं पोरीनं."

"कुठल्या वहीत?"

मुलगी बाळाला घेऊन वाकून खोपटात गेली आणि वही घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. तिनं पान काढून दिलं. दिवाळीच्या आधीचं शेवटचं पान. तिचं गोल अक्षर: "आय कॅन स्टे इन युवर होम टिल एक्झाम?"

परीक्षेपर्यंत मी तुमच्या घरी राहू का.

खाली माझं लाल पेन. 'आय कॅन'भोवती गोल, बाण, वर लिहिलेलं 'कॅन आय'. 'एक्झाम'च्या आधी राहिलेला 'द' मी बारकाईनं घातला होता. शेजारी बरोबरची खूण. खाली 'गुड'. आणि सही.

मी ते पान हातात धरून उभी होते. वडील सांगत होते आणि शिपाई मला मराठीत सांगत होता. सगळं गाव आदल्या दिवशी ट्रकनं गेलं होतं. हे एक दिवस मागे थांबले. मुलगी म्हणाली होती, मॅडमनी वाचलंय, सही आहे, शाळा उघडायच्या दिवशी मॅडम याच गाडीनं येतात, काय ते सांगतील. हो म्हणाल्या तर ती गणवेशातच त्यांच्यासोबत शाळेत जाईल. म्हणून तिचं गाठोडं वेगळं बांधलं होतं. "तुम्ही सांभाळून जा बोलल्या," वडील म्हणाले. "मग आम्ही समजलो, जमत नसेल. मोठ्या माणसाला परत कसं विचारायचं? चढलो गाडीत."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच मला सहन होईना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू आलं, चक्क सगळ्यांसमोर आलं, आणि ती एवढीशी पोरं माझ्याकडे बघत राहिली.

मग मी मुलीला म्हटलं, "चल. आत्ता चल माझ्याबरोबर. राहा माझ्या घरी. महिना आहे अजून, मी करून घेते सगळं."

खरं सांगू? हे म्हणतानाच माझ्या मनात हिशेब चालू होता. ही झोपेल कुठे, सासूबाई काय म्हणतील. आणि ऑक्टोबरात मी तो प्रश्न खरोखर वाचला असता, तर हो म्हटलं असतं का? मला माहीत नाही. स्वतःला हा प्रश्न मी पुष्कळदा विचारलाय. कदाचित मुलींच्या वसतिगृहासाठी चार ठिकाणी फोन केले असते. कदाचित 'बघू' म्हटलं असतं. पण वाचलं असतं तर निदान काहीतरी म्हटलं असतं.

वडील म्हणाले, "तेव्हा झालं असतं, मॅडम. तेव्हा ही नव्हती." त्यांनी बाळाकडे हात केला. "आई तोडायला जाते आता."

मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. मुलीलाच पुन्हा म्हटलं, "तू बोल. येतेस का?"

तिनं बाळाच्या तोंडावरची माशी हाकलली. वर बघितलं आणि म्हणाली, "हिला कोण बघेल, मॅडम?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी नक्की बसवते तुला. मी स्वतः येईन घरी, फॉर्म भरून घेईन." तिनं मान हलवली. वही परत मागितली, ती मी दिली. भाकरी करपल्याचा वास आला तशी ती चुलीकडे वळली.

तिच्या नावाचं हॉल तिकीट आलं, ते कपाटात राहिलं.

पुढच्या वर्षी मी गेले नाही. जूनमध्ये जाणार होते. जूनमध्ये सासूबाई गेल्या. जुलैत पावसानं त्यांच्या गावाचा रस्ता वाहून गेला होता, हे खरं आहे. ऑगस्टमध्ये झाला होता तो रस्ता, हेही खरं आहे. मी दमलेली होते. यापलीकडे मला कारण सापडत नाही, आणि हे कारण मला स्वतःलाच पटत नाही. फॉर्मची मुदत गेली.

वह्या मात्र अजून तपासते. आता गाडीत तपासत नाही. शाळेत, मूल समोर उभं करून, काय विचारलंयस ते आधी मराठीत सांग म्हणते, मग पेन उघडते. वेळ फार लागतो. मुख्याध्यापक वैतागतात. बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "नाव विचारलंय, मॅडम." बरं म्हणते.

यंदा दिवाळीनंतर शिपाई घंटा देऊन माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "मॅडम, ती पोरगी गावात आली होती. यंदा तिचाही कोयता लागला." ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, दोन माणसांचा एक. म्हणजे लग्न झालं. एकोणीस वर्षांची असेल आता. बारडोलीलाच गेली, त्याच पडावावर.

मी हातातली वही मिटली. "भेटली का तुला? बोलली काही?"

"भेटली की. पाणी दिलं, चहा केला."

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

शिपाई साधा माणूस, खोटं बोलता येत नाही त्याला. "नाही मॅडम," तो म्हणाला. "ती आता काही विचारत नाही."